चार तास तिच्या दारात

गुरुजी, तुम्हाला लिहायचं मी लई दिवस टाळलं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी ट्रकवर क्लीनर होतो, नाशकाच्या पुढं कुठंतरी. तेव्हापासून मनात होतं, पण मी एका जागी टिकतो कुठं? आज घाटनांदूरला बहिणीच्या ओसरीवर बसलोय, भाचीच्या वहीचा कागद फाडून घेतलाय, आणि भाची घरात नाही. दुपारपासून गेलीय. मीच पाठवलीय.

बहिणीच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवल्यात. लेंडीखतासाठी दर साली त्यांना बोलावतात, बदल्यात ज्वारी देतात. परवा भाचीनं खेळता खेळता कोकरांभोवतीची जाळी वर उचलली. एक कोकरू निसटलं आणि चरात पडून त्यानं पाय मोडून घेतला. कोकरांची राखण धनगराच्या पोरीकडं, ती भाचीएवढीच. बापानं तिला सगळ्यांदेखत झोडपलं, "ध्यान कुठं हुतं तुझं?" भाची तिथंच उभी, गप. आज बहीण बाजारला गेल्यावर मला हळूच म्हणते, "मामा, जाळी मी उचललती. तिनं बघितलतं. तरी बोलली न्हाई."

"कावून न्हाई बोलली?"

"मला काय माहीत! तिचं तिला माहीत."

आणि गुरुजी, मला तुम्हीच दिसलात. सातवीचा वर्ग. ऊसतोडीवरून परतलेली पोरगी अडखळत धडा वाचतेय, मी तिची नक्कल करतोय, वर्ग खिदळतोय. तुम्ही छडी उचलत नाही. म्हणता, "जा, तिच्या दारात चार तास बस. मग तिची बाजू मला येऊन सांग." दुसऱ्या दिवशी मी सांगितली की! फडावरलं पाचटाचं झोपडं, म्हणजे कोपी, पहाटेचा गारठा, कडेवरचा भाऊ, सुटलेली शाळा. तुमचे डोळे भरले. खिशातला पेन काढून मला दिलात. तो पेन पुढं मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर राहिला. चहा काय असतो तिथं, नुसता खवा. असो.

तर तेच मी भाचीला सांगितलं. जा, तिच्याजवळ बस, तिची बाजू कळली की ये. आता ऊन कलायला लागलं. धनगरांची कुत्री कडवी असतात. बहीण येईल, पोर कुठंय विचारील, काय सांगू? पण खरा घोर कुत्र्यांचा नाही. ती कुठंतरी लिंबाखाली बसून राहील, येऊन मला गोड काहीतरी ऐकवील, आणि मी पाठ थोपटीन, याचा घोर आहे. कारण मी त्या दारात गेलोच नव्हतो, गुरुजी. फाट्यावर एसट्या बघत बसलोतो. कोपी-बिपी सगळी ऐकीव. तुम्ही डोळे पुसलेत तेव्हा बोलायचं होतं. मी पेन घेतला.

थांबा, दारात कुणीतरी आलंय. भाची न्हाई. ती धनगराची पोर आहे, काखेत मोडका पाय बांधलेलं कोकरू, धापा टाकतेय.

"मामा, तुमची पोर कवाची माझ्या बाच्या म्होरं बसलीय. म्हणती, जाळी म्या उचलली. बा मानंना. म्हणतो, रानवाल्याची पोर कशाला असं म्हणंल, तूच शिकवलं आसशील. म्हणून तर म्या बोलले न्हवते. तुमी चला."

कागद वहीतच ठेवतो, गुरुजी. चपला सापडंनात. तसाच जातो.