झेनोनच्या नावाची आभाराची मिस्सा

ओल्शिंका,
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९९२

बोगुशा,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. त्यावर उत्तराचं 'अनंतकाळ असो' तू तिकडे ग्दान्स्कला बसून म्हणून टाक, माझं तोंड आज गोड नाही. आम्ही बरे आहोत. बटाटे तळघरात गेले, कोबी चिरून मीठ लावून पिंपात दाबला, गाय फेब्रुवारीत विणार. झाली खुशाली. अक्षर माझं नेहमीच वाकडं, चौथीपुढे कोणी शिकवलं नाही; आज ते रागानेही वाकडं आहे.

तुला कोणी सांगितलं होतं गं इथल्या फादरला पैसे पाठवून माझ्या नवऱ्याच्या नावाने मिस्साची प्रार्थना लावायला?

मला एका ओळीने विचारायचंस तरी! नोव्हेंबर म्हणजे मेलेल्यांचा महिना. रविवारी फादर आठवडाभराच्या मिस्सा वाचून दाखवतात, कोणती कोणासाठी. सोमवारी अमक्याच्या आत्म्याला शांती, मंगळवारी तमकीच्या. मी जपमाळ पिशवीत टाकत होते आणि तेवढ्यात ऐकू आलं, "बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, झेनोन व्रोना यांची दारूपासून सुटका झाली म्हणून देवाचे आभार. मेहुणी बोगुमिला यांच्याकडून."

म्हातारे फादर असते तर कागद खिशात घालून त्यांनी मला बाजूला घेतलं असतं. हे नवे, ऑगस्टमध्ये आलेले, गावात कोण कोणाचा नवरा ते अजून ठाऊक नाही. खणखणीत वाचलं. सगळं चर्च माझ्याकडे वळलं. बाहेर पायऱ्यांवर शेजारची मार्सेलिना माझी वाटच बघत होती.

"गेनोवेफाबाई, अभिनंदन हो! सुटका झाली म्हणे?"

"झाली असेल. तुला काय त्याचं?"

"मला काय असणार? शनिवारी आमच्या कुंपणाला मिठी मारून कोण झोपलं होतं, तेवढंच विचारत होते."

बायका हसल्या. का नाही हसणार?

तर आता कळलं तुला. सरळ सांगायला हात उचलेना, म्हणून कुंपणाच्या बाजूने सांगितलं. तो पितो. मार्चमध्ये सेंट जोसेफच्या सणाला चर्चच्या वहीत सही करून दारू सोडायची शपथ घेतली, ते खरं. अकरा आठवडे पाळली, तेही खरं. जूनमध्ये गवत कापायला गेला आणि तिथेच शपथ संपली. त्यानंतर 'अजून थेंबाला शिवलेला नाही' असं तुला दर पत्रात लिहिलं ते मी, माझ्या हाताने.

का लिहिलं तेही ऐक. तुझं प्रत्येक पत्र 'देवाचे आभार मान' म्हणत उघडतं आणि तेच म्हणत मिटतं. आई गेली, आभार मान, फार हाल झाले नाहीत. गारपीट झाली, आभार मान, छप्पर राहिलं. माझं तिसरं पोटातच गेलं तेव्हाही लिहिलंस, आभार मान, पदरात दोन आहेत. ते पत्र मी चुलीत घातलं, आज सांगते. तुला दर महिन्याला आभार मानायला काहीतरी लागतं, आणि ते पुरवायचं मी!

शिवाय लग्नात तू माझ्या कानात म्हणालीस, "गेन्या, याच्या तोंडाला आत्ताच वास येतोय." सत्तावीस वर्षं ते वाक्य माझ्या कानातून निघत नाही. तू खरी ठरू नयेस म्हणून लिहिलं. झालं समाधान?

रविवारी मागे दाराशी पुरुषांत उभं राहून झेनोननेही सगळं ऐकलं होतं. घरी येऊन टोपी न काढताच बसला.

"तू तिला माझ्याबद्दल काय लिहितेस?"

"लिहिते की तू माणूस आहेस."

"आणि तिला पटतं?"

"तिला पटतं. लिहिताना माझाच हात दुखतो."

वाटलं, आता उठेल आणि जाईल. गेला नाही. सूप गार होईपर्यंत ढवळत बसला.

सोमवारी मी फादरकडे गेले. म्हटलं, "आभाराची काढा, सुटका होवो अशी विनवणीची करा." बिचारा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "बदलली तर तसं पुन्हा जाहीर करावं लागेल." मी म्हटलं, नको बाबा! मग म्हणतो, "देवाचे आभार आधीच मानले तरी चालतात." मी म्हटलं, "फादर, मूल जन्मायच्या आधी बाप्तिस्मा देता का तुम्ही?" आणि निघून आले.

बुधवारी मात्र गेले. नाव आमचं, न जाऊन कशी राहणार? सात बायका होत्या, आणि एरवी बुधवारी कधी न फिरकणारी मार्सेलिना पहिल्या बाकावर. फादर म्हणाले, "आज आपण झेनोनच्या सुटकेबद्दल देवाचे..."

"फादर, थांबा."

झेनोन दारात उभा होता. सणाचा कोट घातलेला, दाढी केलेली, गाल दोन ठिकाणी कापलेला, कारण रविवारपासून घेतली नव्हती आणि वस्तरा नीट धरवत नव्हता.

"ते खरं नाही. मी पितो. शनिवारीही प्यालो. माझ्या नावाने देवाला खोटं सांगू नका."

मार्सेलिनाने मान खाली घातली. मी अशी तापले, बोगुशा! सात बायकांसमोर त्याने मला खोटारडी ठरवलं. उठून त्याला बाहेर ओढावं म्हणून मी बाक धरला, आणि तोंडातून निघालं, "देवा, तुझे उपकार."

मी ठरवून म्हटलं नाही. तू सांगितलंस म्हणून तर मुळीच नाही. सत्तावीस वर्षांत 'मी पितो' हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आजवर नेहमी पोट बिघडलेलं, पाठ धरलेली, हवा वाईट. वहीत सही केली तेव्हासुद्धा म्हणाला होता, "फादर मागे लागले म्हणून."

फादरने विनवणीची मिस्सा केली. तो शेवटपर्यंत उभा राहिला.

आज प्यायलेला नाही. सकाळी घाम फुटला होता, मी चहा दिला, अर्धा सांडला. उद्याचं लिहीत नाही, कारण मला माहीत नाही. यापुढे पत्रात जे झालं तेच येईल. त्यात आभार मानण्यासारखं तुला काही सापडलं नाही, तर तू शोधत बसू नकोस. नाताळला ये आणि माझ्याजवळ नुसती बस. जमेल तुला?

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि हे सगळं तुझ्याखेरीज कोणालाही न लिहिलेली,
तुझी बहीण
गेन्या