सासूबाईंचे साठ आकडे

शुक्रवार, ८ मे

आज प्लँक पूर्ण साठ सेकंद टिकला! कोपरांवर आडवी, पोट आत ओढलेलं, जराही थरथर नाही. बाळंतपणानं सैल पडलेल्या पोटासाठी डॉक्टरबाईंनी दिलेला व्यायाम. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन रोज आकडे मोजतात.

साठ झाले आणि खाली टँकर आला. बायपासच्या या नव्या सोसायटीला नळ अजून नाहीच, यंदा बोअरही आटली. त्यांनी बाळ माझ्याकडं दिलं, हंडा उचलला. "तू नको येऊ, पोटाला ताण पडंल." तीन जिने, चार खेपा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर हंडा टेकवल्याचा आवाज मी आत बसून ऐकत होते.

आता वजन उचललं तरी चालेल, असं डॉक्टरबाईंनी सांगून महिना झाला. मी घरात बोललेच नाही. का? आयतं पाणी मिळत होतं म्हणून. दुसरं काय कारण असणार?

आज सांगणारच होते. पण चौथा हंडा ठेवून त्या भिंतीला टेकल्या, धाप लागलेली, आणि हसून म्हणाल्या, "उद्या सत्तर करू गं. लई ताकद आली तुझ्यात."

मी उठून त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्यांनीच आणलेलं.