पाचवा चेहरा

धरमपेठ, नागपूर
दवाखान्यातली खाट नंबर अकरा, रविवार

आमचे इवाई (व्याही) श्रीयुत चंपतरावजी यांस,

रुपराव आणि गोपिकाचा मनापासून रामराम. तुमच्या गुडघ्याला उतार असेल, विहीणबाईंची शुगर आटोक्यात असेल आणि आमची मिनल सून म्हणून तुमच्या घरात कुणाला जड होत नसेल, अशी आशा करतो. माझे म्हणाल तर मी बरा आहे. अगदी बरा आहे. कृपा करून पत्र पूर्ण वाचेपर्यंत रागावू नये. (फोन केला नाही, कारण फोनवर तुमचा आवाज मला नेहमी रागावलेलाच वाटतो आणि मी सांगायचे ते विसरून फोन ठेवतो.) हे पत्र जावईबापू सुशीलराव आज संध्याकाळी कन्हानला घेऊन येत आहेत. त्यांनी इथे एक गोष्ट स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. ती त्यांच्याआधी माझ्याकडून कळावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपल्या दोघांत आधीच एक विषय अडून बसला आहे, त्यात ही भर नको.

गुरुवारी सकाळी सावनेरला अंघोळ करताना डाव्या कुशीत अशी कळ आली की मी बादलीला धरून खालीच बसलो. मला वाटले हार्ट. गोपिका म्हणाली, हार्ट इतके खाली नसते. ती सातवी शिकली आहे आणि मी चौथी, म्हणून वाद घातला नाही, पण घाबरायचे सोडलेही नाही. इथे आणल्यावर दामिनी नावाची सिस्टर आली. तिने काखेत थर्मामीटर ठेवले, बोटाला चिमटा लावला आणि दंडाला पट्टा बांधला. बीपी निघाले एकशे ऐंशी. ती म्हणाली, पट्टा फुगताना बोलू नका. मी बोलत नव्हतो, फक्त विचारत होतो (किती झाले, आता किती झाले). पाच मिनिटे गप्प बसवून पुन्हा मोजले तर एकशे पन्नास. म्हणजे वरचे तीस माझ्या तोंडाचे होते. मग तिने मनगट धरले. नजर एकदा घड्याळावर, एकदा माझ्या छातीवर. बनियनचे भोक दिसले असेल, या लाजेने मी श्वास रोखून धरला, तर ती वैतागली. मागाहून कळले की नाडीचे निमित्त करून त्या श्वासही मोजतात. सांगून मोजले तर माणूस नीट श्वास घेत नाही म्हणे. हे कळल्यापासून मला नीट श्वास घेताच आलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. तिने माझ्यापुढे एक कागद धरला. त्यावर सहा चेहरे होते, पहिला हसरा आणि शेवटचा रडका. विचारले, “बाबाजी, यातला कोणता?” मला वाटले, कापडाच्या दुकानात विचारतात तसे विचारत आहेत, की तुम्हाला यातला कोणता हवा. मी डोळे पुसत पहिल्यावर बोट ठेवले. तिने माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि शून्य लिहून निघून गेली. शेजारच्या खाटेवरच्या ओमप्रकाशने शेवटचा चेहरा दाखवला. त्याला लगेच इंजेक्शन मिळाले आणि तो घोरायला लागला. मी आपला हसू येण्याची वाट पाहत दोन तास तळमळलो. शेवटी गोपिकाच्या ध्यानात आले. “काहून जी, दुखून राहिलं होतं तं हासणारा काहून दाखवला?” तिने सिस्टरला हाक मारून कागद पुन्हा आणवला.

या वेळी मी एकेक चेहरा नीट पाहिला. पाचव्याशी थबकलो. भुवया खाली, ओठ ताणलेले, रडत नाही, पण विसरणारही नाही. हा चेहरा मी पाहिलेला होता. मिनलच्या लग्नात, वडाभाताच्या पंगतीत, मठ्ठा बरोबर तुमच्या पानाशी येऊन संपला होता, तेव्हा. इवाई, माणूस कळवळला की त्याच्या जिभेवर ताबा राहत नाही. मी ओरडलो, “हे तं आमचे चंपतराव!”

सिस्टरने आठ लिहिले आणि इंजेक्शन दिले. तेव्हापासून ती दर चार तासांनी विचारते, “बाबाजी, चंपतराव किती राहिले?” मीही सांगत गेलो: अर्धे राहिले, पाव राहिले. तपासणीत दुखण्याचे कारण मूतखडा निघाले होते. लघवी गाळायला त्यांनी एक गाळणी दिली होती. आज सकाळी त्यात चण्याच्या डाळीएवढा खडा दिसला आणि मी आनंदाने संडासातूनच ओरडलो, “सिस्टर, चंपतराव गाळणीत सापडले!” बाहेर आलो तर दारात जावईबापू डबा घेऊन उभे. त्यांचा चेहरा पाचवाच झाला होता. (घराण्यात आहे.)

बाकी हार्ट स्वच्छ निघाले, बीपी एकशे तीसवर आले आणि उद्या घरी सोडतात. चार दिवसांत आज पहिल्यांदा चहाला चव लागली. खरे सांगतो, तुमचा चेहरा आठवला नसता, तर मी अजून शून्यावरच पडलो असतो. हे उपकार समजून घ्यावे आणि राग गाळून टाकावा.

तुमचा,
रुपराव

ता. क. अडलेला विषय काढणार नव्हतो. पण मिनलला सातवा लागला. पहिले बाळंतपण माहेरी, सावनेरलाच व्हावे, असे गोपिकाच्या फार मनात आहे (माझ्याही). सावनेरला तिच्याकडे कोण लक्ष देईल, असे तुम्ही म्हणाला होता. मला आता नाडी, ताप आणि बीपी, तिन्ही पाहता येतात. श्वाससुद्धा न सांगता मोजतो.

पुन्हा ता. क. चेहऱ्यांचा एक कागद सिस्टरकडून मागून घेतला, तो सोबत जोडला आहे. हे पत्र वाचून तुमचा जो चेहरा झाला असेल, त्यावर खूण करून पाठवावी. पहिल्या तिनांतला असेल, तर येत्या रविवारी मिनलला न्यायला येतो. पाचवा असेल तरी येतो, पण घागरभर मठ्ठा घेऊन. फक्त आतून दुखत असताना भिडेखातर पहिल्यावर खूण करू नका. मी केली होती, दोन तास कुणी फिरकले नाही.