रोमच्या आधी मरोळ

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. खासगी. बायकोने, सुहासिनीने, वाचू नये म्हणून कॅथलिक सामाजिक शिकवणीच्या (माझा अभ्यासविषय) फाइलमध्ये ठेवणार. त्या फाइलला घरात कोणी हात लावत नाही.

सद्यस्थिती : वय ५४ वर्षं ३ महिने. मरोळ एमआयडीसीतल्या कारखान्यात २६ वर्षं पार्टचं इन्स्पेक्शन, मग व्हीआरएस. एम.ए. इतिहास, बाहेरून, ५५.२५ टक्के. लॅटिन स्वतःचं स्वतः, धडा ४. पोपने १८९१ साली कामगारांच्या हक्कांवर जे पत्र काढलं, त्याचं इंग्रजी भाषांतर सात वेळा वाचून झालंय. ते सात वेळा वाचलेला दुसरा हिंदू घाटकोपर पूर्वेत असल्यास मला माहीत नाही.

अंधेरीच्या कॉलेजात डॉ. गंधाली मॅडमकडे पीएच.डी.ची एकच जागा शिल्लक. २० एप्रिलच्या सेमिनारमध्ये पेपर वाचा, स्वतः शोधलेलं काहीतरी असू द्या, मग बघू, असं म्हणाल्या. मग बघू म्हणजे हो.

१७ फेब्रुवारी, शनिवार
मरोळ गावठाणातल्या चर्चमध्ये गेलो. फादर नवीन, जूनमध्ये वसईहून बदलून आलेत. अर्काइव्हची विचारणा केली. म्हणाले, अर्काइव्ह नाही, एक कपाट आहे. चावी शोधायला चाळीस मिनिटं.

कपाटात मेणबत्त्या, ख्रिसमसच्या चांदण्या, एक बंद पंखा. आणि त्याखाली एक वही.

तो पंखा मी एकट्याने उचलून बाजूला ठेवला. (पंखा जड होता.)

प्रत्येक पानावर १ ते ३१ आकडे. प्रत्येक आकड्यापुढे रोमन लिपीत एक नाव. नावापुढे गोल किंवा फुली. फादर म्हणाले, कशाची आहे कल्पना नाही, घेऊन जा, फक्त परत आणा. त्यांना कल्पना नसणं स्वाभाविक आहे. मी मात्र २६ वर्षं हजेरीचं मस्टर बघितलंय. मस्टर मला अंधारातही ओळखू येतं.

२५ फेब्रुवारी, रविवार
वहीचं इन्स्पेक्शन पूर्ण. व्हर्निअर कॅलिपरने मापलं : २०३.२ बाय १६५.१ मिमी. तीन ठिकाणी रीडिंग, सरासरी.

निष्कर्ष :
मुखपृष्ठावर क्रूसाचं चित्र. गावठाणाच्या चौकातल्या क्रूसावर १८८९ कोरलंय. म्हणून वही १८८९ची.
प्रत्येक पानावर बरोबर ३१ नावं. म्हणजे ही मजुरांची संघटना, सभासद मर्यादा ३१.
गोल म्हणजे हजर. फुली म्हणजे संप. एका पानावर चौदा फुल्या! सर्वसाधारण गैरहजेरी इतकी नसते.
ऐंशी टक्के नावं बायकांची. युरोपच्या फार पुढे.

पोपचं पत्र १८९१चं. म्हणजे मरोळने रोमला दोन वर्षांनी मागे टाकलं. पेपरचं शीर्षक लगेच सुचलं : 'रोमच्या आधी मरोळ'.

शाई निळी आणि अगदी टवटवीत. त्या काळच्या मालाची क्वालिटीच वेगळी.

३ मार्च, रविवार
सुहासिनीला पानं दाखवली. तिने चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं की हे बॉलपेन नाही का. मी विषय बदलला. मग म्हणाली, क्रूसाच्या शेजारीच ती रेजिना मावशी राहते ना, तू ऑफिसला असताना जिच्याकडे पाणी प्यायचास, तिला विचार की.

समजावून सांगितलं. पार्ट पास करायचा की नाही हे ऑपरेटरला विचारत नाहीत. इन्स्पेक्टर मापतो आणि ठरवतो. तोंडी माहिती दुय्यम.

म्हणाली, तू इन्स्पेक्शनला होतास तेव्हा माल परत यायचा की नाही ते मला आठवतंय. हे इथे अप्रस्तुत आहे.

१४ मार्च, गुरुवार
लॅटिन नाही झालं. पाठ धरली होती. उद्यापासून रोज दोन धडे.

२९ मार्च, शुक्रवार
गुड फ्रायडे. फादरना वहीचं महत्त्व समजावायला गेलो. ते गडबडीत होते. आजच्या दिवशी गडबड असणार हे लक्षात आलं नाही. सामाजिक शिकवण शिकताना बाकीच्या कॅलेंडरकडे दुर्लक्ष होतं.

११ एप्रिल, गुरुवार
स्लाइड ३८ झाल्या. वेळ १५ मिनिटं. इरावती म्हणाली, बाबा, अकरा करा. लेकीच्या आग्रहाखातर ३७ केल्या.

रेजिना मावशीला सेमिनारचं आमंत्रण दिलं. त्या ऐतिहासिक मजुरांची वारस म्हणून पुढच्या रांगेत बसवायचं. वय ७६, पण येते म्हणाली. जेवण आहे का, एवढंच विचारलं. फादरनाही बोलावलं.

लॅटिन : धडा ४ची उजळणी.

२० एप्रिल, शनिवार. सायंकाळी ७.४०
शांतपणे लिहितो.

नवव्या स्लाइडपर्यंत उत्तम. गंधाली मॅडम नोट्स घेत होत्या. नवव्या स्लाइडवर चौदा फुल्यांचं पान, मोठं करून. मी म्हणालो, हा बहुधा मुंबईतला सर्वांत जुना संघटित संप. थोडा थांबलो. थांबायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात मावशी उभी राहिली.

"अरे विद्याधर, हे तर माझे सासूचा अक्षर."

मी नम्रपणे सांगितलं की मावशी, हे १८८९चं आहे.

"चवथा नाव वाच. रेजिना. ती मीच हाय. एकाहत्तरला लगीन झाला, आनि त्याच मे महिन्यात चने मी आनले."

मग माइकजवळ येऊन तिने हॉलला सांगितलं. मे महिनाभर संध्याकाळी क्रूसाजवळ रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात. रोज एका घराने आणायचे. मेचे दिवस ३१, म्हणून नावं ३१. चणे आले, गोल. नाही आले, फुली.

मागून एका मुलीने विचारलं, मग या वर्षी चौदा फुल्या का?

"रॉकेल कुठे होता त्या वर्षी? कशावर उकडनार?"

हॉल हसला. फादरही. मी उरलेल्या २८ स्लाइड पूर्ण केल्या. थांबवायला कोणी धजावलं नाही.

२१ एप्रिल, रविवार
शांत डोक्याने विचार केला. वही संघटनेचीच आहे. फक्त ती चण्यांची आहे. गाभा टिकतो. जेवताना गंधाली मॅडम म्हणाल्या, वही फार चांगली आहे हो, पेपर नाही. म्हणजे किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य.

२९ एप्रिल, सोमवार
मॅडमचा मेल. जागा संघमित्राला. विक्रोळीची, वय २७, नेट पास. मागून प्रश्न विचारणारी तीच. विषय : मे महिन्यातल्या चण्यांच्या याद्या आणि गावठाणातल्या बायकांची व्यवस्था.

माझी वही! माझा पंखा मी उचलला!

३० एप्रिल, मंगळवार
तक्रारअर्ज तयार, ११ पानं, परिशिष्टं तीन. पाठवण्याआधी सुहासिनीला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला. मग विचारलं, "तू त्यात जे शोधलं होतंस, त्यातलं तिने काय घेतलं?"

उत्तर लिहिण्यासाठी अर्धं पान कोरं ठेवलंय. सकाळी भरतो.

४ मे, शनिवार
अर्धं पान अजून कोरं.

फादरना वही परत केली. त्यांनी पावती मागितली नाही. दिली.

९ मे, गुरुवार
रेजिना मावशीचा फोन. सतरा तारखेचं घर रिकामं आहे, ती माणसं नालासोपाऱ्याला गेली. तू आण चणे. म्हटलं, मावशी, मी हिंदू. म्हणाली चणेपन हिंदूच असतील, वाण्याकडून आणले तर.

नकार द्यायचा होता. फील्डवर्क म्हणून होकार दिला.

१७ मे, शुक्रवार. रात्री ९
चार किलो. इरावती म्हणाली रात्रभर भिजवा. मी पाण्याचं तापमान मापून भिजवायचा वेळ काढला : सहा तास वीस मिनिटं. सुहासिनी मदत करू का म्हणाली. म्हटलं, प्रोसेस एकाच माणसाच्या हातात असावी.

क्रूसाजवळ पस्तीस माणसं. प्रार्थना झाली. चणे वाटले. सगळे चावत होते. बराच वेळ चावत होते. फादर दाढेला हात लावून हसले. मावशीने वाटीतला एक चणा दोन बोटांत दाबून बघितला आणि डबा झाकला.

मीही तो लॉट रिजेक्टच केला असता.

२६ मे, रविवार
संघमित्रा घरी आली होती. मुलाखत घ्यायला. सोबत छापील फॉर्म : माहितीदाता क्रमांक १४. तेरा बायकांनंतर मी. व्यवसायाच्या रकान्यात 'संशोधक' सांगणार होतो. सुहासिनी चहा घेऊन उभी होती. 'निवृत्त' सांगितलं.

मुलगी नीट काम करते. प्रश्न क्रमाने विचारते आणि मध्ये तोडत नाही. मी पोपच्या पत्रावर वीस मिनिटं बोललो, तिने तेही लिहून घेतलं. मग विचारलं, काका, सतरा तारखेला चणे कच्चे का राहिले?

मी पाणी, तापमान, वाण, सगळं आठवून बघितलं. तिने पेन धरून ठेवलं होतं.

"मला खरंच माहीत नाही," म्हणालो.

तिने ते शब्दशः लिहून घेतलं आणि बाजूला तारीख टाकली.