दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत

१२ मार्च १९५७

"शहागंजातल्या बांधवांनो! देवऋषी आला, लिंबू फिरवलं, तुमच्या-माझ्या घरांची जमीन उकरून गेला. धन कुणाला लागलं?" — काल चौकात एवढं म्हणालो आणि टाळ्या! आज सकाळी शेजारच्या चतुराबाई दारात. "भाऊ, दिवाणखाना खरवडताय म्हणं. काही लागलं का?"

"लागला ना — चुना!"

जहागीरदार हे घर आमच्या वडलांना विकून हैदराबादला गेले. जाताना भिंतीत काही पुरून गेले, अशी वदंता. मला इथं वाचनालय करायचं आहे. सगळं स्वतःच करतो. मजूर लावला नाही. मजूर बाहेर बोलतो.

१५ मार्च

रंगावर रंग. पांढरा, पिवळा, निळा — आणि खाली महिरपीभोवती तांबड्या वेली! ओलं फडकं लावून हळूहळू सोडवतो आहे. खांदे भरून आले.

थोरले बंधू नानासाहेब बिडकीनहून आले. शेती ते बघतात, घर मी. वडलांच्या मागं आम्ही वाटणी केली नाही. भाषणात हा दाखला मी नेहमी देतो. तासभर पश्चिमेच्या भिंतीकडं बघत बसले. "बद्री, ही भिंत नको उकरू. मोडकळीला आली हाय."

ते गेल्यावर ठोकून पाहिली. दगडासारखी घट्ट! मग असं का म्हणाले?

१८ मार्च

नानासाहेब पुन्हा! ज्वारी खळ्यावर, आणि हे इथं. "काय नाय रे, द्वारकाच्या हातची भाकर खावी म्हणलं." इतकी वर्षं माझ्या बायकोच्या हातची भाकर आठवली नाही?

२१ मार्च

पश्चिमेच्या महिरपीखाली वेल मध्येच तुटते. तेवढाच तुकडा मागाहून लिंपलेला. ठोकला — पोकळ! जहागीरदारानंच लिंपला असणार. दुसरं कोण?

बायको म्हणाली, "मोठ्या भावजींना बोलवा. दोघं मिळून फोडा."

"बघू," म्हटलं.

२२ मार्च

नाही बोलावलं. फोडली.

कोपरापर्यंत हात घातला. माती. विटांचा चुरा. बस्स! तीही चाळून पाहिली — मी, गुप्तधनाला चौकात हसणारा! द्वारकानं तिची पिठाची चाळणी ओळखली. धुऊन वाळत टाकली.

२४ मार्च

नानासाहेब आले. भोक पाहिलं. त्यांनी विचारायच्या आधीच मी सुरू! "दादा, फुटकी कवडी नव्हती. कुणी काही सांगेल. मी तुमच्यापासून कधी काही..." व्याख्यानच झालं.

ते हसले. "गप की. किती बोलतो! मला ठावं हाय. घर घेतलं त्या साली म्याच फोडलं व्हतं. तू पुण्याला शिकत व्हतास. बाबांना बी सांगितलं नाय. लाज वाटली रे. म्हणून म्हणत व्हतो, उकरू नको."

"मग काय निघालं होतं?"

"काय नाय."

चहा पिऊन गेले. माझ्यावर त्यांनी किती सहज विश्वास ठेवला!

२५ मार्च

बिडकीनच्या मळ्यातली दगडी विहीर त्यांनी त्याच साली बांधली ना? पैसा कुठून आला होता?

नानासाहेब, मी देव मानत नाही. तुम्ही मानता. रविवारी इथल्या, शहराशेजारच्या साताऱ्याच्या खंडोबाला चला, आणि माझ्यासमोर बेलभंडारा उचला!