टाकी मी नेलीय

कल्पेशदादा,

उठल्यावर कॉटखाली हवेची टाकी शोधू नकोस, ती मी नेऱ्याला शूटिंग रेंजवर नेलीय! घरी एअर रायफल भरायला कॉम्प्रेसर घेताना शंभरदा सांगितलं होतं, हवा सुकवणारा फिल्टर असलेला घे. तर म्हणे, "तुला काय कळतं?" आणि स्वतःसाठी मात्र ठाण्याहून कोरड्या हवेची टाकी भरून आणलीस! काल कॉम्प्रेसरच्या त्या ओल्या हवेने माझी रायफल बिघडली, मी सिलेक्शनमधून बाहेर, आणि तू सरांना सांगतोस, "प्रांजल घाबरली"?

आज तुझं सिलेक्शन ना? तुझी रायफल मी रिकामी केलीय. तुझा लाडका कॉम्प्रेसर घरी हॉलमध्येच आहे, भर त्याने. मी आणि आई रेंजवर पुढच्याच खुर्च्यांवर बसतोय, लवकर ये.

प्रांजल