'सर्पदंश' रकान्यातली सही

२७ सप्टेंबर, शनि.
बत्तीस मुलींची गाइड प्रवेश चाचणी एका दुपारी उरकली. वचन, नियम, सॅल्यूट, डाव्या हाताने हस्तांदोलन, गाठी. प्रथमोपचार राहिला. मुलींची एसटी चुकली असती. मुलींच्या चाचणीच्या पुस्तिका घरी आणल्या. कुकर होईस्तोवर बत्तीस जणींच्या 'सर्पदंश' रकान्यात सही. सोमवारी फॉर्म जायलाच हवेत.

सानिका मागे थांबली होती. आठवी, वरच्या वाडीतली. "बाई, आम्ही बौद्ध. वचनात ईश्वर म्हटलं तर खोटं होईल ना?"
धर्म म्हण, तशी मुभा आहे, म्हटलं. मोकळी हसली. बाकीच्या एकतीस जणींना असलं काही सुचलं नाही.

४ ऑक्टोबर
परवा भात कापताना सानिकाच्या आईला फुरसं चावलं. पायाला. बाप मुंबईत. घरी ही एकटी. सरावाला नेलेला स्कार्फ तिने आईच्या पोटरीवर बांधला. रिक्षा मिळून रत्नागिरीला पोचेपर्यंत तीन तास. आई वाचली.

मुख्याध्यापक खूश. "मॅडम, तुमची गाइड पेपरात येणार बघा. तुम्ही पण कडेला उभ्या राहा फोटोत." पुढच्या शनिवारी दीक्षाविधी, मुली गाइडचं वचन घेणार, त्यातच तिचा सत्कार.
मलाही बरं वाटलं. आज दिवसभर बरं वाटत होतं.

६ ऑक्टो.
दवाखान्यात गेले. बाप मुंबईहून आलाय. हात जोडले त्याने. "तुमी शिकवलंत म्हनून वाचली, बाई."
चादरीखाली पाऊल काळं.
बाहेर नर्सला विचारलं. ती हळू म्हणाली, विष उतरलं, पण कुणीतरी इतकं आवळलेलं की खाली रक्तच गेलं नाही. पाय बहुतेक काढावा लागेल.

सानिका खाटेशी. "गाइड खोलीतल्या तक्त्यात आहे तसंच बांधलं, बाई. रीफ नॉटची गाठ. रिक्षात सैल होऊ दिली नाही."
आई म्हणाली, "पोरीला शाबासकी द्या हां."
दिली. पाठीवर हात ठेवून.

७ ऑक्टो.
जुनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरातलं माझंच अक्षर: आवळून बांधू नये. पाय हलू देऊ नये. लगेच दवाखाना. खाली दोन रेघा मारून: 'गाइड खोलीतला तक्ता काढणे.'
भिंतीला ओल आलेली, तक्त्याने ती झाकली जायची. म्हणून राहू दिला.
चाचणीत विचारलं असतं तर सानिकाने तक्त्यातलंच सांगितलं असतं. मी म्हटलं असतं, तसं नाही गं.
एक मिनिट लागलं असतं.

८ ऑक्टो.
आज पाय काढला. गुडघ्याखाली.
शाळा सुटल्यावर तक्ता काढून घरी आणला, गुंडाळी करून. कपाटामागे ठेवलाय. का आणला, ते इथेही लिहवत नाही.

१० ऑक्टो., शुक्र.
सानिका आली होती. भिंतीवरच्या ओलीकडे बघत राहिली.
"तक्ता कुठं गेला?"
"फाटला होता."
किती सहज निघालं तोंडातून.

तिने पुस्तिका टेबलावर ठेवली, वर स्कार्फ. धुऊन घडी घातलेला. "डॉक्टर म्हणाले, बांधायचंच नसतं. मला येत नव्हतं, तरी पुस्तिकेत पास आहे. मी उद्या वचन नाही घेणार, बाई."
तुझी चूक नाही, म्हटलं.
"मग कोणाची?"
रागाने नव्हतं. गणितात अडलं की विचारते तसंच.
मी म्हटलं, उशीर होईल, वाडीवर जायचंय ना तुला.

मुख्याध्यापकांना फक्त एवढं सांगितलं की ती नको म्हणतेय. "लाजतेय हो. बापाला बोलवलंय, तुम्ही समजवा."

११ ऑक्टो., सकाळ
झोप नाही. मुलींना पहिला नियम मीच पाठ करून घेते. गाइड विश्वसनीय असते. कोणी अडखळलं तर पुन्हा, मोठ्याने.

अकराला कार्यक्रम. बाप समोर बसेल. आज बोलले तर नोकरीचं काय, आणि तो काय करेल... पण न बोलले तर ती पोर जन्मभर आईला कुबडी घेऊन चालताना बघणार आणि

पर्समध्ये तिची पुस्तिका. तक्ता कपाटामागून काढून दाराशी उभा केलाय. हे चहा घेता घेता म्हणाले, "हे काय, रद्दी का?"
"शाळेचं आहे," म्हटलं.
सव्वानऊची एसटी. नऊ वाजलेत.